शिंगराचे वय चुकले, की उंचीचा हिशेबही चुकतो

परभणी, प्रतिनिधी : बैल घेताना त्याचा जबडा उघडून दात पाहण्याची रीत मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवी नाही. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला या पाच शब्दांत बैलाचे वय आणि त्याची किंमत दोन्ही सांगून होतात. घोड्याच्या बाबतीत मात्र हे ज्ञान झपाट्याने विरळ होत चालले आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख जनावरे होती; २०१९ च्या पशुगणनेत ती संख्या सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. घोडी कमी झाली तशी घोड्याच्या तोंडात पाहून वय सांगणारी माणसेही कमी झाली. बाजार मात्र थांबलेला नाही. लग्नाच्या वरातीसाठी, नाचकामासाठी, हौसेसाठी आणि अश्वपालनाच्या जोडधंद्यासाठी शिंगरे विकत घेणाऱ्यांत आता शहरातील मंडळीही दिसू लागली आहेत.

परभणीकरांना घोड्यांचा बाजार जवळचा आहे. जिल्ह्याच्या पालम तालुक्याला लागूनच नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुका आहे आणि त्या तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात भरणारी खंडोबाची यात्रा दक्षिण भारतातील मोठ्या पशुबाजारांपैकी एक मानली जाते. त्याच महिन्यात दत्तजयंतीपासून नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिचा घोडेबाजार तर देशभर प्रसिद्ध आहे. या दोन्ही ठिकाणी शिंगराच्या सौद्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. शिंगरू किती वर्षांचे? आणि ते किती इंचांपर्यंत जाईल? हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात. परंतु पहिल्याचे उत्तर चुकले, तर दुसऱ्याचे उत्तर बरोबर येणे शक्यच नसते.

वय दोन्ही बाजूंनी फिरविले जाते

म्हाताऱ्या घोड्याचे वय कमी करून सांगितले जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. शिंगराच्या बाबतीत मात्र खोटे दोन्ही दिशांना बोलता येते. ज्याला उंचीची आशा विकायची आहे, तो दीड वर्षाचे शिंगरू वर्षाचे म्हणून सांगतो. कारण वय जितके कमी, तितकी पुढची वाढ जास्त वाटते. ज्याला काम विकायचे आहे, तो दोन वर्षांचे शिंगरू तीन वर्षांचे म्हणून सांगतो. कारण वरातीला किंवा स्वारीला लावता येईल असे जनावर लगेच खपते. पहिल्या खोट्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दुसऱ्यात जनावराचे पाय आणि पाठ जाते.

प्रत्येक वेळी खोटेच असते असेही नाही. अनेकदा मालकालाच नेमकी तारीख ठाऊक नसते. पोळ्याच्या आगेमागे, दसऱ्यानंतर, संक्रांतीच्या आधी अशा आठवणींवर जन्म सांगितला जातो आणि दोन-तीन हात बदलले की ती आठवणही पुसली जाते. शर्यतीच्या घोड्यांची तर गणतीच निराळी. तेथे उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेड घोड्याचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी मानतात. एप्रिलमध्ये जन्मलेले शिंगरू पुढच्या १ जानेवारीला कागदावर एक वर्षाचे होते; त्याचे प्रत्यक्ष वय तेव्हा नऊ महिन्यांचेही नसते. तेव्हा ‘वर्षाचे’ या शब्दाचा अर्थ कोणता, हेही विचारून घ्यावे लागते.

आधी दुधाचे, मग पक्के दात

कागद नसेल तर पहिला साक्षीदार म्हणजे दात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. खालचे आठ दात पाहूनच निवाडा करावा लागतो. घोड्याला वर सहा आणि खाली सहा असे बारा पुढचे दात असतात. प्रत्येक जबड्यातील मधले दोन, त्यांच्या दोन्ही बाजूंचे दोन आणि कडेचे दोन अशा तीन जोड्या धरल्या, की पुढचा हिशेब सोपा होतो.

दुधाचे मधले दात जन्मतःच किंवा पहिल्या आठवड्यात दिसतात. त्यांच्या शेजारची जोडी साधारण सहा आठवड्यांनी येते आणि कडेची जोडी सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान येते. पशुवैद्यकाचे विद्यार्थी ‘सहा दिवस, सहा आठवडे, सहा महिने’ असे हे सूत्र पाठ करतात. त्यामुळे कडेचे दात अजिबात आले नसतील, तर शिंगरू बहुधा नऊ महिन्यांच्या आतले आहे, एवढे निश्चितपणे सांगता येते.

नऊ महिने ते अडीच वर्षे हा काळ सर्वांत फसवा आहे. या काळात तोंडात सहाच्या सहा दुधाचे दात असतात आणि नवे काहीच येत नाही. येथे दात मोजून उपयोग नाही. ते किती झिजले हे पाहावे लागते. वर्षाच्या शिंगराचे कडेचे दात वर आलेले असतात, पण वरचे आणि खालचे एकमेकांना टेकत नाहीत. दीड वर्षाच्या सुमारास ते पुढच्या कडेने टेकू लागतात. दोन वर्षांचे होईपर्यंत सहाही दात एकमेकांवर घासले जाऊ लागतात आणि मधल्या दातांच्या माथ्यावरची खळी पुसट होते.

अडीच वर्षांच्या आसपास मधले दुधाचे दात पडून त्यांच्या जागी पक्के दात येतात. शेजारची जोडी साडेतीनला आणि कडेची साडेचारला बदलते. नवा दात वर येऊन समोरच्या दाताला टेकायला आणखी सुमारे सहा महिने लागतात. म्हणून मधले पक्के दात टेकलेले असतील तर तीन वर्षे, दुसरी जोडी टेकली असेल तर चार आणि सहाही पक्के दात टेकले असतील तर पाच वर्षे, असा हिशेब मांडला जातो. नरामध्ये चार ते पाच वर्षांच्या दरम्यान सुळेही दिसू लागतात. घोडीला सुळे बहुधा नसतात; असले तरी लहान असतात. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडात साधारणपणे ४० आणि मादीच्या तोंडात ३६ दात मोजले जातात.

नवखा माणूस सर्वाधिक फसतो तो दोन आणि पाच वर्षांच्या घोड्यांत. दोघांच्याही तोंडात सहा-सहा दातांच्या भरलेल्या रांगा असतात. फरक दातांच्या जातीत आहे. दुधाचा दात लहान, शुभ्र आणि हिरडीजवळ आत दबलेला, म्हणजे त्याला मान असलेला असतो. पक्का दात मोठा आणि रुंद असतो. त्याच्यावर पिवळसर छटा आणि उभ्या खाचा असतात आणि तो हिरडीतून सरळ वर आलेला दिसतो. हा एक फरक डोळ्यांत पक्का बसला, तर निम्मी फसवणूक तेथेच टळते.

शंका उरली तर दाढा कामाला येतात. शिंगराला प्रत्येक बाजूला दुधाच्या तीन दाढा असतात. वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे चौथी, म्हणजे पहिली कायमची दाढ येते. दोन वर्षांच्या सुमारास पाचवी येते आणि साडेतीन ते चार वर्षांत सहावी. पुढच्या दातांत छेडछाड करणे सोपे असते, मागच्या दाढांत ते जवळजवळ अशक्य असते. मात्र दाढा तपासण्याचे काम पशुवैद्यकानेच करावे. घोड्याच्या दाढांमध्ये सापडलेले बोट शाबूत राहीलच असे नाही.

सहाव्या शतकातील हिशेब

दात पाहून घोड्याचे वय सांगण्याची ही विद्या पाश्चात्त्यांकडून आलेली नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. शुभ्र दात असलेले शिंगरू वर्षाचे, दातांना तांबूस छटा आली की दोन वर्षांचे आणि मधले, त्यांच्या शेजारचे व कडेचे दात पडून नवे आले की अनुक्रमे तीन, चार आणि पाच वर्षांचे, अशा आशयाचे वर्णन त्यात येते. पुढच्या वयासाठी दातांचे बदलते रंग दिले आहेत. रंगांच्या भागावर आज कोणी विसंबत नाही. परंतु दात बदलण्याचा क्रम आणि वर्षे आजच्या पाठ्यपुस्तकाशी जुळणारी आहेत.

कोठवर विश्वास ठेवावा

पाच वर्षांपर्यंत दात हे घड्याळासारखे चालतात, पण त्या घड्याळाला मिनिटकाटा नाही. दात येण्याच्या वेळेत जातीनुसार आणि जनावरानुसार काही महिन्यांचा फरक पडतो. सहा वर्षांनंतर तर सारा भार झिजेवरच येतो. खालच्या दातांवरची खळी मधल्या जोडीत सहाव्या, दुसरीत सातव्या आणि कडेच्या जोडीत आठव्या वर्षी नाहीशी होते, असा जुना नियम आहे. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षी उगवणारी आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचणारी एक उभी खाचही पाठ्यपुस्तकांत प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकातील सिडनी गॅल्व्हेन याच्या नावाने ती ओळखली जाते. मात्र १९९० च्या दशकात युरोपात ज्ञात वयाच्या घोड्यांचे दात तपासण्यात आले, तेव्हा वाढत्या वयाबरोबर अंदाज बराच चुकतो आणि निरनिराळ्या जातींचे दात निरनिराळ्या वेगाने झिजतात, असे दिसून आले.

झीज ही खाण्यावर अवलंबून असते. माती-वाळू लागलेला चारा, निबर कडबा किंवा खुरटे गवत खाणाऱ्या घोड्याचे दात तबेल्यातील घोड्यापेक्षा लवकर झिजतात. लाकूड चावण्याची खोड असेल, किंवा वरचा जबडा पुढे येऊन दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तरी हिशेब बिघडतो.

त्यात माणसाच्या करामतींची भर पडते. म्हाताऱ्या घोड्याच्या सपाट झालेल्या दातावर खळी कोरून ती डागून काळी करायची, म्हणजे तो तरुण दिसतो, ही युक्ती जगभर जुनी आहे. शिंगराच्या बाबतीत उलट केले जाते. दुधाचे दात वेळेआधी उपटून काढतात; ‘दात बदलायला लागला, तीन वर्षांचा झाला’ असे सांगता यावे म्हणून. अशा वेळी हिरडी सुजलेली किंवा जखमी दिसते, नवा दात खाली कोठेच नसतो, वरच्या आणि खालच्या जबड्यांचा मेळ बसत नाही आणि दाढा वेगळीच साक्ष देतात.

दातांच्या जोडीला बाकीचे शरीरही बोलत असते. वर्षाच्या आतील शिंगराची आयाळ आखूड आणि उभी असते, शेपटी झुपकेदार व लोकरीसारखी असते. शेपटीचे केस लांब आणि राठ होण्यास वेळ लागतो. ही चिन्हे एकेकटी कच्ची आहेत. मात्र दातांच्या विरोधात जात असतील तर सौदा थांबवून विचार करण्याइतकी पुरेशी आहेत.

उंची कशी वाढते

शिंगराकडे पाहिले की पहिल्यांदा दिसतात ते त्याचे पाय. जन्मतःच त्याचे पाय धडाच्या मानाने कमालीचे लांब असतात, कारण जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याला आईबरोबर उभे राहायचे आणि चालायचे असते. जन्माच्या वेळी वजन पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या सुमारे दहा टक्केच असते. उंची मात्र ६० ते ६५ टक्के झालेली असते. सहा महिन्यांत उंची सुमारे ८३ टक्क्यांवर, वर्षभरात ९० टक्क्यांवर, दीड वर्षात ९५ टक्क्यांवर आणि दोन वर्षांत ९७ ते ९८ टक्क्यांवर पोचते. वजन यामागून रेंगाळत येते. सहा महिन्यांना ते पूर्ण वजनाच्या निम्म्याहून कमी असते, वर्षाला सुमारे दोन-तृतीयांश आणि दोन वर्षांनाही पूर्ण झालेले नसते.

ही टक्केवारी प्रामुख्याने थरोब्रेड आणि तत्सम परदेशी जातींच्या नोंदींवरून निघालेली आहे. आपल्याकडील जातींना ती जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. तथापि अंदाजाची चौकट म्हणून ती उपयोगी आहे.

आता सौद्यातील हिशेब पाहू. घोड्याची उंची मान आणि पाठ यांच्या जोडाजवळील, खांद्यावरच्या उंचवट्यापाशी मोजतात. समजा, एक शिंगरू ५४ इंच भरले. ते खरोखर एक वर्षाचे असेल, तर ५४ इंच म्हणजे अंतिम उंचीच्या ९० टक्के. म्हणजे ते ६० इंचांपर्यंत जाईल. पण तेच शिंगरू दीड वर्षाचे असेल, तर ५४ इंच म्हणजे ९५ टक्के. ते जेमतेम ५७ इंचांवर थांबेल. आणि ते आठ महिन्यांचेच असेल, तर ६२-६३ इंचांची आशा धरता येईल. शिंगरू तेच, पट्टी तीच. वयाच्या उत्तरात सहा महिन्यांचा फरक पडला की उंचीत तीन इंचांचा फरक पडला. घोडेबाजारात इंचागणिक भाव बदलतो, हे लक्षात घेतले म्हणजे कडेच्या दुधाच्या दातांचे टेकणे किती मोलाचे आहे हे ध्यानात येते.

दोरीची परीक्षा

वय ठाऊक नसतानाही उंची सांगण्याची एक युक्ती घोडेवाल्यांत वापरली जाते. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या मध्यापासून खुराच्या वरच्या कडेपर्यंत दोरी धरायची. ते अंतर जितके इंच, तितक्या चौकड्या इंचांची उंची होणार असे मानायचे. म्हणजे दोरी १५ इंच भरली तर १५ गुणिले ४, अर्थात ६० इंच. दुसरी पद्धत कोपरापासून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजून, तीच दोरी कोपरापासून उलटी वर धरण्याची. दोरीचे टोक जेथे येईल तेथे मोठेपणी खांद्याचा उंचवटा येणार, असे त्यात गृहीत धरलेले असते.

या युक्तीत शास्त्राचा अंश आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे वाढपट्टे असतात. हे पट्टे उघडे असतात तोवर हाड लांब होते. पट्टा कडक हाडाने भरून निघाला की वाढ थांबते. घोड्यात हे पट्टे ढोबळमानाने खालून वर बंद होत जातात. गुडघ्याखालच्या नळीचे हाड वरच्या टोकाला जन्मतःच पक्के झालेले असते आणि खालच्या टोकाची मुख्य वाढ सहा ते नऊ महिन्यांत आटोपते. त्यामुळे वर्षाच्या शिंगराची नळी जवळजवळ मोठ्या घोड्याएवढीच लांब असते. गुडघ्याच्या लगेच वरचा पट्टा मात्र सुमारे दोन ते अडीच वर्षांपर्यंत उघडा असतो, खांद्याकडचे त्याहून अधिक काळ आणि पाठीच्या मणक्यांचे पट्टे तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहतात.

मात्र दोरीची परीक्षा अंदाजापलीकडे नेता येत नाही. मोजण्यात अर्ध्या इंचाची चूक झाली, तर चाराने गुणल्यावर ती दोन इंचांची होते. जातीनुसार पायाचे आणि धडाचे प्रमाण बदलते. सहा महिन्यांच्या आतील शिंगरावर ती लावली, तर नळीच पुरती वाढलेली नसते. उंचीवर मोठी रक्कम लावायची असेल, तर गुडघ्याचा एक्स-रे काढून वाढपट्टा उघडा आहे की मिटला हे पशुवैद्यकाकडून पाहून घेणे अधिक खात्रीचे. शर्यतीच्या तरुण घोड्यांना कठोर सराव द्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

एक चिन्ह साध्या डोळ्यांनीही दिसते. वाढते शिंगरू सपाट जमिनीवर उभे केले असता त्याचा मागचा पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच दिसतो. मागचा भाग आधी वाढतो, पुढचा त्याला गाठतो, पुन्हा मागचा पुढे जातो, असे काही काळ चालते. पुठ्ठा स्पष्टपणे उंच असेल, तर खांद्याची थोडी वाढ बाकी आहे असे मानता येते. किती बाकी आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

आईचा वाटा

उंच नर लावला की उंच शिंगरू मिळते, असा समज ग्रामीण भागात रूढ आहे. १९३८ मध्ये इंग्लंडमधील वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी शायर या अवाढव्य आणि शेटलंड या बुटक्या जातीचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला. रक्त दोन्हीकडे अर्धे-अर्धेच होते. तरीही शायर घोडीच्या पोटी जन्मलेली शिंगरे शेटलंड घोडीच्या शिंगरांपेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाची होती आणि मोठेपणीही हा फरक पूर्ण भरून निघाला नाही. आईच्या गर्भाशयाची मर्यादा शिंगराच्या आकाराला बांध घालते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. भीमथडी म्हणून ओळखले जाणारे दख्खनचे तट्टू मारवाडी किंवा काठियावाडीच्या मानाने बुटके, पण काटक. मराठ्यांच्या घोडदळाशी त्याचे नाव जोडलेले आहे आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांचा संसार आजही अनेक ठिकाणी त्याच्याच पाठीवर चालतो. अलीकडच्या वर्षांत या घोड्याला स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही मिळाली आहे. अशा लहान घोडीच्या शिंगराकडून केवळ बाप उंच मारवाडी आहे म्हणून ६२ इंचांची अपेक्षा ठेवणे म्हणजे निराशा विकत घेणे होय. शिंगरू घेताना बापाचा फोटो दाखविला जातो; पाहायला हवी ती शेजारी उभी असलेली आई.

खुराक जास्त म्हणजे वाढ जास्त नव्हे

अंतिम उंचीची मर्यादा आईबापांकडून ठरते. खुराकाने ती गाठता येते, ओलांडता येत नाही. शिंगराला भरमसाठ धान्य चारून लवकर मोठे करण्याचा खटाटोप उलटतो. वजन वेगाने वाढते आणि कोवळ्या हाडांवर भार येतो. गुडघ्याच्या वर किंवा खुरावरच्या सांध्याजवळ सूज येणे, पाय वाकडे होणे, सांध्यातील कूर्चा सुटणे हे विकार त्यातूनच उद्भवतात.

खनिजांचा तोल तितकाच महत्त्वाचा आहे. वाढत्या शिंगराच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त, साधारण दीडपट ते दुप्पट असावे लागते. आपल्याकडे आवडीने दिल्या जाणाऱ्या गव्हाच्या कोंड्यात नेमके उलटे असते. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे दहापट असतो. मुख्य खुराक कोंड्याचाच असेल तर शरीर हाडांतील कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा विकार इतका आढळे, की इंग्रजीत तो गिरणीवाल्यांच्याच नावाने ओळखला गेला. लसूणघासासारखा हिरवा चारा आणि खनिज मिश्रण, तसेच जंतांचे औषध वेळच्या वेळी, यांतून मिळणारी संथ वाढच टिकाऊ ठरते. दूध तोडल्यानंतर काही आठवडे वाढ मंदावते. नंतर चारा चांगला मिळाला तर ती भरून निघते. पहिल्या वर्षातील दीर्घ उपासमार मात्र कायमची खुजी करून जाते.

दोन वर्षांच्या पाठीवर नवरदेव

वयाच्या अंदाजाचा खरा कस लागतो तो कामाला जुंपताना. दोन वर्षांचे शिंगरू उंचीने जवळजवळ घोड्याएवढे दिसते. उंची ९७ टक्के झाली, म्हणजे घोडा तयार झाला, असा गैरसमज त्यातूनच होतो. परंतु त्याच्या गुडघ्यावरचा पट्टा जेमतेम मिटत असतो आणि पाठीचे मणके अजून तीन-चार वर्षे पक्के व्हायचे असतात. या वयात वरातीचा बडेजाव, डांबरी रस्त्यावरचे तासन्‌तास नाचकाम आणि पाठीवर भारदस्त नवरदेव आला, की पाच-सहाव्या वर्षी जेव्हा घोडा ऐन भरात यायचा, तेव्हाच तो लंगडू लागतो. तीन वर्षांनंतर हलकी स्वारी आणि चार-पाच वर्षांनंतर पूर्ण काम, हा जाणकारांचा साधारण दंडक आहे.

कायद्यानेही वयाची दखल घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार वय, आजार, जखम वा अन्य कारणाने अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे. ओझेवाहू जनावरांबाबतच्या १९६५ च्या नियमांत तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो ओझे लादण्याची मर्यादा घातलेली आहे. ‘मला तीन वर्षांचा म्हणून विकला’ हा खुलासा मालकाची समजूत घालू शकेल; घोड्याच्या मणक्यांची नाही.

नोंद हाच उपाय

या साऱ्या कसरतीला सोपा पर्याय आहे तो नोंदीचा. थरोब्रेड घोड्यांच्या बाबतीत जन्माची तारीख, आईबाप आणि खुणा यांची नोंद स्टड बुकात होते. ओळखीसाठी मायक्रोचिप बसवितात. गावाकडच्या शिंगराला एवढे नको असले, तरी जन्माच्या दिवशी तारीख लिहिलेला कागद आणि आईजवळ उभ्या शिंगराचे छायाचित्र एवढे कोणालाही करता येते. दर महिन्याला उंची आणि छातीचा घेर लिहून ठेवला, तर विकताना मालकाचा शब्द आपोआप वजनदार होतो. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; ते आज महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. सौद्याआधी पशुवैद्यकाची नजर फिरविण्यासाठी लागणारी फी ही शिंगराच्या किमतीपुढे नगण्य ठरते.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असे म्हणतात. पैसे मोजून घेतलेल्या शिंगराचे मात्र मोजावेत, आणि नुसते मोजू नयेत, कोणते टेकले आहेत तेही पाहावे.

शिंगरू घेण्यापूर्वी

- कडेचे दुधाचे दात नाहीत : बहुधा नऊ महिन्यांच्या आत.
- सहा दुधाचे दात, कडेचे टेकत नाहीत : वर्षाच्या सुमारास.
- कडेचे दात टेकू लागले : दीड वर्षाच्या सुमारास, सहाही घासले जात असतील तर दोन वर्षे.
- पक्क्या दातांची एक जोडी टेकलेली : तीन वर्षे, दोन जोड्या : चार, तिन्ही जोड्या : पाच.
- वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे पाहावेत. मेळ नसेल तर दाढा तपासून घ्याव्यात.
- उंची सपाट, कठीण जमिनीवर, घोडा चारही पायांवर सरळ उभा असताना मोजावी.
- आईची उंची स्वतः मोजावी. बापाची केवळ ऐकीव माहिती हिशेबात धरू नये.
- दात, दोरी आणि आई या तिघांची साक्ष जुळत नसेल, तर सर्वांत कमी उंचीचा अंदाज खरा मानून भाव करावा.